केसांसाठी सुकामेवा: काय खायचं, किती खायचं आणि चहा कधी प्यायचा

गणपती गेले आणि मला डेंग्यू झाला. दिवाळीपर्यंत अंगात ताकद आली, फराळही केला, आणि डिसेंबर उजाडला तसा बाथरूमच्या जाळीवर रोज केसांचा गुंता दिसायला लागला. पूर्वी वेणीला रबरबँडचे तीन वेढे घट्ट बसायचे, आता चौथाही सैल पडायचा. घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, रोज पाच भिजवलेले बदाम खा. बहिणीने अंजीर सांगितले. ऑफिसातली मैत्रीण भोपळ्याच्या बियांवर ठाम होती. मी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन सगळंच आणलं, त्यात महागातले मामरा बदामही होते, आणि रोज साडेदहाच्या चहाबरोबर मूठभर खाऊ लागले.

तीन महिने झाले तरी फरक दिसेना. शेवटी रक्त तपासलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, निघाला जेमतेम १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. सुकामेवा वाईट नव्हता. मी चुकीचा निवडला होता, चुकीच्या वेळी खात होते, आणि गोळीचं काम मनुक्यांकडून करून घेऊ पाहत होते. ते तीन महिने तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी गळती कुठली ते ओळखा

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले दिवसाला ५० ते १०० गळणं नेहमीचं. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग वाढ थांबते, दोन-तीन महिने तो नुसता मुळाशी अडकून राहतो आणि गळतो. आजारपण, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट किंवा मोठा मानसिक धक्का यांनी शरीर हादरलं, की एकदम पुष्कळ केस वाढ सोडून या थांबलेल्या अवस्थेत जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. म्हणून गळती सुरू झाली की कॅलेंडरची पानं उलटी चाळा आणि तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आठवा. माझा सप्टेंबरचा ताप डिसेंबरात जाळीवर आला तो असा. बाळंतिणीचंही हेच होतं. बाळ ओळखीचं हसायला लागलं की आईचे केस जायला लागतात, असं बायका म्हणतात, आणि महिन्यांचा हिशेब अगदी जुळतो.

अशी गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते. शरीरात लोह, प्रथिनं किंवा जस्त कमी असेल, तर मात्र ती लांबते आणि नवे केस बारीक येतात. सुकामेव्याचा उपयोग होतो तो इथे.

कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत असतील, टाळू उघडी पडत असेल किंवा भांग दर वर्षी रुंद होत असेल, तर ते आनुवंशिक आणि हार्मोन्सचं प्रकरण आहे. त्याला अक्रोड उपयोगी नाहीत. नाण्याएवढा गोल चट्टा पडला असेल तर ती चाई, तिला त्वचारोगतज्ज्ञच हवा. पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाची, शंका घ्यावी. बदामांनी थायरॉइडही बरा होत नाही.

म्हणून खरेदीच्या आधी एकदा रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२ आणि व्हिटॅमिन डी. फेरिटिन मुद्दाम सांगून करून घ्यावं लागतं, कारण नेहमीच्या तपासणीत ते नसतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचाविभागाची ओपीडी आहे. रांग मोठी असते, पण खाजगी दवाखान्यात महागडे शाम्पू आणि सीरम गळ्यात पडतात त्यापेक्षा ती बरी. एक गोष्ट आताच सांगून ठेवते: सुकामेव्यात बी-१२ नसतं आणि डी जवळपास नसतंच. शाकाहारी घरात केस गळण्यामागे बी-१२ असेल, तर बदामाचं पोतं आणलं तरी उपयोग नाही.

कुठल्या दाण्यात काय आहे

केस म्हणजे केराटिन आणि केराटिन म्हणजे प्रथिन. त्यामुळे पहिला प्रश्न प्रथिनांचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. दहा बदाम म्हणजे साधारण १२ ग्रॅम, त्यातून मिळतात अडीच ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून मिळतात साडेसात. शेंगदाणा खरं तर कडधान्याच्या कुळातला, सुकामेव्याच्या पंगतीला त्याला कुणी बसवत नाही. पण आपल्या स्वयंपाकघरात केसांसाठी सगळ्यात मुकाट राबणारा दाणा हाच. मराठी बाई कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, खिचडीत कूट घालते, तेव्हा नकळत प्रथिनंच घालत असते.

दुसरा प्रश्न लोहाचा, आणि इथेच आपण सगळे फसतो. “मनुके खा, रक्त वाढतं” हे लहानपणापासून ऐकलेलं. आता हिशेब करू. बेदाण्यांत १०० ग्रॅमला साधारण २ मिलिग्रॅम लोह. आपण खाणार दहा-पंधरा बेदाणे, म्हणजे जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम. दोन खजुरांतून तेवढंच. दोन मोठ्या सुक्या अंजिरांतून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. पाळी येणाऱ्या बाईला रोज हवं असतं २९ मिलिग्रॅम, पुरुषाला १९. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. हा खड्डा मनुक्यांनी बुजत नाही. मनुके खावेत, गोड लागतात, पोट साफ ठेवतात, पण रक्तासाठी त्यांच्या भरवशावर राहू नये.

बियांचं गणित वेगळं आहे. भोपळ्याच्या बियांत १०० ग्रॅमला ८ ते ९ मिलिग्रॅम लोह आणि साडेसात मिलिग्रॅम जस्त असतं. दोन टेबलस्पून, म्हणजे २० ग्रॅम, खाल्ल्या तर पावणेदोन मिलिग्रॅम लोह आणि दीड मिलिग्रॅम जस्त मिळतं. न सोललेल्या तिळात लोह त्याहूनही जास्त, शिवाय भरपूर कॅल्शियम. काजूत १०० ग्रॅमला साडेसहा मिलिग्रॅमच्या जवळपास लोह आणि साडेपाचच्या वर जस्त आहे. म्हणजे ज्या काजूला आपण “नुसती चरबी” म्हणून बाजूला सारतो, तो या बाबतीत बदामापेक्षा सरस ठरतो. अळीव तर लोहासाठीच ओळखले जातात, बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या बायकांना फेरिटिन हा शब्द ठाऊक नसला तरी. हे सगळे आकडे अंदाजे धरा, कारण जात आणि जमीन बदलली की ते हलतात.

जस्त कमी पडलं तर केस गळतात, नखं पिचतात आणि जखमा लवकर भरत नाहीत. पुरुषांना रोज १७ आणि स्त्रियांना १३.२ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस आहे. पोळी-भात-डाळीच्या जेवणात ते असतं, पण धान्यातल्या फायटिक आम्लामुळे पूर्ण शोषलं जात नाही, म्हणून बिया आणि काजूंची जोड उपयोगी.

बदामाची खरी श्रीमंती व्हिटॅमिन ई मध्ये आहे. १०० ग्रॅमला २५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा बदामांतून तीन. टाळूच्या पेशींना ऑक्सिडेशनपासून सांभाळायला ते मदत करतं. अक्रोडाची श्रीमंती ओमेगा-३ चरबीत: ३० ग्रॅमला जवळपास अडीच ग्रॅम. जवसात हीच चरबी त्याहून कितीतरी स्वस्तात मिळते. ओमेगा-३ आणि ओमेगा-६ च्या गोळ्यांवर २०१५ मध्ये १२० स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सहा महिन्यांत केसांची घनता सुधारल्याचं त्यात दिसलं. पण त्या गोळ्यांत माशाचं आणि काळ्या करवंदासारख्या एका परदेशी फळाच्या बियांचं तेल होतं, अक्रोड नव्हते. तो अभ्यास दाखवून कुणी अक्रोड विकत असेल तर हसून पुढे जा.

बायोटिनच्या गोळ्या सध्या वाण्याकडेही मिळतात की काय असं वाटावं इतक्या झाल्यात. साधं जेवणाऱ्या माणसात बायोटिनची कमतरता क्वचितच असते आणि शेंगदाणे, बदाम, अंडं यांतून ते मिळतं. मोठ्या डोसच्या गोळ्यांनी थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या चाचणीचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि सेलेनियम. ब्राझील नट हल्ली मुंबईतल्या मॉलमध्ये आणि ऑनलाइन सर्रास मिळतात. एका दाण्यात दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त सेलेनियम असू शकतं. ते अति झालं की केस गळतात, म्हणजे ज्यासाठी खाल्लं त्याच्या नेमकं उलट. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक पेयात चुकून कित्येक पट सेलेनियम पडलं आणि दोनशेवर लोक आजारी पडले. केस गळणं हे त्यातलं ठळक लक्षण होतं. खायचाच असेल तर दिवसाला एक दाणा, तोही रोज नको.

खरेदी: क्रॉफर्ड मार्केट, मशीद बंदर की कोपऱ्यावरचा वाणी

मुंबईत घाऊक सुकामेव्यासाठी मशीद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या, नाहीतर वाशीच्या एपीएमसीचा मसाला बाजार. दोन-तीन घरं मिळून गेलात तर परवडतं. एकटीसाठी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाव-पाव किलो घेणं शहाणपणाचं, का ते पुढे सांगते.

मामरा बदाम चवीला उत्तम, तेलही जास्त. पण केसांच्या हिशेबात साध्या कॅलिफोर्निया बदामाच्या दोन-तीन पट पैसे मोजण्याइतका फरक नाही. ते पैसे भोपळ्याच्या बियांवर आणि अंड्यांवर खर्च करा. छोटे, तेलकट गुरबंदी बदाम स्वस्त पडतात, पण त्यात अधूनमधून कडू दाणा निघतो. कडू लागला की थुंकायचा. त्या कडवटपणात सायनाइड तयार करणारं रसायन असतं.

अक्रोड शक्यतो कवचातले घ्या. गर घेतलात तर एक तोंडात टाकून बघा. जुन्या खोबरेल तेलासारखा वास आणि घशात खवखव आली तर तो खवट झालाय. त्यातली ओमेगा-३ चरबी हवेने बिघडलेली असते, म्हणजे ज्यासाठी अक्रोड घेतला तेच गेलं. पांढुरका अक्रोड चांगला आणि काळपट वाईट असं मात्र नसतं. नाकावर आणि जिभेवर विश्वास ठेवा.

दोरीत ओवलेले अंजीर बहुधा अफगाणिस्तानातून येतात. खाण्याआधी प्रत्येक अंजीर उघडून बघायचा, आत अळी किंवा बुरशीची काळी भुकटी निघू शकते. झगझगीत नारिंगी जर्दाळूंवर गंधकाची धुरी दिलेली असते. दमा असेल तर काळसर-तपकिरी, साधे वाळवलेले घ्यावेत. सोनेरी बेदाण्यांचंही तेच. आपल्याकडचे बेदाणे सांगली-तासगावचे, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. काजू कोकणातला, वेंगुर्ल्याचा मिळाला तर घ्या. तुकडा काजू अख्ख्यापेक्षा बराच स्वस्त असतो आणि तुकडा झाल्याने जस्त कमी होत नाही.

पाकिटावर “रोस्टेड अँड सॉल्टेड”, “पेरी-पेरी” असं लिहिलं असेल तर परत ठेवा. घरी कढईत मंद आचेवर दोन-चार मिनिटं परतले की झालं.

मुंबईची हवा आणि बरणी

पुण्यातली माझी नणंद बदाम वर्षभर डब्यात ठेवते. इथे जून ते सप्टेंबर ते शक्य नाही. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की दोन दिवसांत काजू मऊ पडतात, आठवड्यात अक्रोड खवट होतात आणि शेंगदाण्यावर बुरशी धरते. ही बुरशी नुसती पुसून टाकायची गोष्ट नाही. शेंगदाण्यावर येणाऱ्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजल्याने पूर्ण जात नाही आणि यकृताला घातक आहे. सुरकुतलेला, काळा पडलेला किंवा कडवट शेंगदाणा आला तर तो दाणा नाही, ती मूठच फेकायची.

म्हणून एकावेळी पाव किलोच आणा. काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. अक्रोड आणि दळलेलं जवस फ्रीझरमध्ये. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका, बाहेरची दमट हवा गार दाण्यांवर पाणी होऊन बसते. आठवड्यापुरतं छोट्या डब्यात काढून घ्यावं. चमचा कोरडा हवा. सासूबाईंनी ओला हात घातला म्हणून आमच्याकडे अर्धा किलो बेदाणे गेले. त्यांना बोलायची सोय नाही, त्यामुळे आता बेदाण्यांची बरणी वरच्या फळीवर असते.

भिजवायचे की नाही? भिजवल्याने बदाम चावायला आणि पचायला सोपे होतात, खरा फायदा तेवढाच. फायटिक आम्ल थोडंसं कमी होतं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. साल काढलीच पाहिजे असंही नाही. दात धड असतील तर सालासकट खा. मात्र एप्रिल-मेमध्ये रात्रभर ओट्यावर भिजत ठेवलेल्या बदामांना सकाळी आंबूस वास येतो. वाटी फ्रिजमध्ये ठेवा.

किती आणि कधी

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरीच्या ताटाला दिवसाला सुकामेवा आणि तेलबिया मिळून ३५ ग्रॅम सांगितल्या आहेत. म्हणजे आपली एक मूठ, डोंगर न केलेली. त्यातून साधारण २०० कॅलरी मिळतात. ही मूठ जेवणात भर म्हणून टाकायची नाही, कशाच्या तरी बदल्यात घ्यायची. नाहीतर केस वाढायच्या आधी कंबर वाढते.

माझी मूठ अशी असते: ६-७ बदाम, २ अक्रोडांचा गर आणि एक टेबलस्पून भोपळ्याच्या बिया. शेंगदाणे आणि तीळ स्वयंपाकातून येतातच. गोड सुकामेवा वेगळा मोजते: दोन खजूर किंवा एक अंजीर किंवा दहा-बारा बेदाणे, यांतलं एकच. “किंवा” महत्त्वाचा आहे. खजुरात वजनाच्या दोन तृतीयांश साखर असते.

आता चहा. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं वनस्पतीतल्या लोहाला पकडून ठेवतात आणि ते आतड्यातून शोषलं जात नाही. मी तीन महिने साडेदहाच्या कटिंगबरोबर बिया खात होते, म्हणजे एका हाताने देत होते आणि दुसऱ्याने काढून घेत होते. चहा आणि सुकामेवा, चहा आणि जेवण, यांत किमान एक तासाचं अंतर ठेवा. मुंबईकराला हे पूर्ण आहारातलं सगळ्यात कठीण पाऊल वाटेल, मलाही वाटलं. चहा सोडायची गरज नाही, नुसती वेळ हलवायची.

उलट क जीवनसत्त्व हेच लोह सुटं करून आत जायला मदत करतं. पेरूमध्ये ते संत्र्याच्या चौपट असतं, आवळ्यात त्याहून जास्त. म्हणून बियांबरोबर चार फोडी पेरू, किंवा चटणी-भाकरीवर पिळलेलं अर्धं लिंबू. लोकलमध्ये विकायला येणारा मीठ लावलेला आवळा चवीला ठीक आहे, पण ताजा आवळा बरा.

माझी वेळ ठरली आहे संध्याकाळी साडेपाचची. ऑफिस सुटताना स्टीलच्या डबीतली मूठ खाऊन मगच सीएसएमटीकडे निघते. मुलुंडची स्लो पकडेपर्यंत पोट शांत असतं आणि स्टेशनबाहेरच्या वडापावकडे पाय वळत नाहीत. रोज नाही वळत, असं म्हणू.

दोन पदार्थ, रोजच्यासाठी

पहिली सुकी चटणी. एक वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी भोपळ्याच्या बिया, पाव वाटी जवस आणि पाव वाटी न सोललेले तीळ, हे सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं. जवस तडतडायला लागलं की उतरवा, तीळ गुलाबीसर झाले की उतरवा, ते क्षणात करपतात. गार झाल्यावर आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ घालून मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं म्हणून ते दळलंच पाहिजे. ही चटणी फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहते. रोज दोन मोठे चमचे ज्वारीच्या भाकरीबरोबर, वर लिंबू. मुलं खात नसतील तर धिरड्याच्या पिठात मिसळा, त्यांना पत्ता लागत नाही.

दुसरे अळिवाचे लाडू. अर्धी वाटी अळीव निवडून एक वाटी नारळपाण्यात दोन-तीन तास भिजवायचे. ते फुगून बुळबुळीत होतात, घाबरू नका. बऱ्याच घरी दुधात भिजवतात, पण दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं, म्हणून मी नारळपाणी घेते. अडीच-तीन वाट्या ओलं खोबरं आणि दीड वाटी चिरलेला गूळ घालून कढईत मध्यम आचेवर मिश्रण आळेपर्यंत हलवा. जायफळ किसा, कोमट असताना वळा. ओल्या खोबऱ्यामुळे हे बाहेर टिकत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. दिवसाला एक पुरे. अळीव पोटात पाणी ओढतात, त्यामुळे लाडू खाल्ल्यावर पाणी भरपूर प्या. गरोदरपणात अळीव टाळायची आपल्याकडे पद्धत आहे. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.

उपवासाच्या दिवशी राजगिऱ्याचा लाडू आणि दाण्याची आमटी ही जोडी साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा केसांच्या जास्त कामाची.

कुणी जपून

शेंगदाणा किंवा कुठल्याही सुकामेव्याची ॲलर्जी असेल, ओठ सुजत असतील किंवा घसा आवळल्यासारखा होत असेल, तर “थोडंसं खाऊन बघू” हा प्रयोग करायचा नाही. मधुमेह असेल तर खजूर-मनुके मोजून, बदाम-अक्रोड चालतात. मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर बदाम-काजूतल्या ऑक्झलेटबद्दल डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम आणि फॉस्फरसमुळे सुकामेवा त्यांना विचारूनच. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. कूट किंवा पेस्ट द्या.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर लगेच अक्रोड खाऊ नका, त्याने गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. सुकामेवा दुपारवर किंवा संध्याकाळवर ढकला. ही बारीक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. गोळीच्या पाकिटातल्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात होती.

किती दिवस वाट पाहायची

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे आज सुरू केलेल्या मुठीचा परिणाम पुढच्या रविवारी दिसणार नाही. पहिले दोन-तीन महिने गळती चालूच राहील, कारण गळायचे ते केस आधीच ठरलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जाळीवरचा गुंता लहान होतो. कपाळाच्या कडेला आणि भांगाजवळ एक-दोन बोटं लांबीचे, उभे राहणारे, कितीही तेल लावलं तरी न बसणारे केस दिसले, की समजायचं नवे येतायत. शेपटाची जाडी भरायला सहा महिने ते वर्ष लागतं.

मोजायची सोपी पद्धत अशी. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, कोरड्या केसांत भांग पाडून वरून फोटो काढा. रोज आरशात बघू नका, डोळा फसतो. आणि रबरबँड तोच वापरा. दर महिन्याला नवा आणलात तर वेढ्यांचा हिशेब चुकतो.

फेरिटिन कमी निघालं तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्याच. सुकामेवा तिच्या जोडीला आहे, बदली खेळाडू म्हणून नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या चालू ठेवू नका, जास्त झालेलं लोहही घातक असतं. सहा महिन्यांनी गळती तशीच असेल, टाळू दिसत असेल, चट्टे पडत असतील, खाज किंवा कोंड्याची जाड खपली असेल, तर पुढचं पाव किलो आणण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

माझं फेरिटिन चार महिन्यांच्या गोळ्यांनंतर ४१ झालं. चटणीचा डबा दर दुसऱ्या रविवारी भरते. मामरा बदाम पुन्हा आणले नाहीत. साडेदहाचा कटिंग आहे तिथेच आहे, फक्त आता त्याच्याबरोबर काही खात नाही, आणि ऑफिसातल्या बायका मला विचारतात की उपास आहे का.